मास्तरांची हुकमी मते

भिकाजी मास्तर उजाडता उजाडता उठत. विहिरीवर तोंड धुवावे, रहाटाने पाणी काढून माडाच्या आळ्यात सोडावे आणि चुलीपुढे पाटावर येऊन बसावे, असा त्यांचा क्रम होता. मग दमयंतीबाई उकड्या तांदळाची ऊन पेज वाढीत आणि बाजूला लोणच्याची फोड ठेवीत. पेज संपेपर्यंत मास्तर कुणाशी बोलत नसत. पेज संपली, की मात्र ते पडवीत जाऊन बसत आणि तिथून दुपारपर्यंत त्यांचे बोलणे थांबत नसे. कारण मास्तर सल्ला देत असत.

हे काम त्यांच्या गळ्यात हायस्कुलातच पडले होते. शाळा सोडून जाणाऱ्या मुलांनी पुढे काय करावे, ते मास्तरांनी सांगावे, असे हेडमास्तरांनी ठरवून टाकले. पुढे मास्तर पेन्शनीत निघाले. काम काही निघाले नाही! ते त्यांच्यामागोमाग घरी आले आणि पडवीत बसले. "हा हिशेबात बरा आहे, याला गोदीत कारकून करा." "याचे दंड बघा, याला गिरणीत घाला." "याचे अक्षर म्हणजे मोत्यांचा सर, याला पेढीवर पाठवा." सल्ले नाना परींचे असत, पण प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी मुंबईची आगबोट उभी असे!

एकदाच मास्तरांची जीभ अडली. खालच्या आळीतली सोनूबाई आपल्या विमलाला घेऊन आली तेव्हा. सोनूबाईचा नवरा बोटीवर खलाशी. घर तीच सांभाळी. विमला चौथी पहिल्या नंबराने पास झाली होती, आणि मुलींच्या शाळेत चौथीच्या पुढे वर्गच नव्हता.

"मास्तर, आता हिचं काय करू?" सोनूबाईने विचारले. "पोर शिकायचं म्हणत्ये. वर्ग निघणार असला तर ठेवून घेते. नायतर भातं झोडून झाली, की हिचा मामा येणार पालीहून न्यायला. त्याच्या घरी लेकरं सांभाळील."

विमला परकराचा काठ मुठीत धरून मास्तरांकडे बघत होती. जणू काय पाचवीचा वर्ग त्यांच्या मिशीखालीच दडलेला आहे आणि आता बाहेर पडणार आहे! मास्तरांना आगबोटीखेरीज काही सुचेना, आणि आगबोट इथे कामाची नव्हती.

त्याच आठवड्यात स्कूल बोर्डावरची पेठेची, निवडणुकीने भरायची जागा रिकामी झाली. मास्तरांनी अर्ज भरला. एकदा बोर्डात बसले, की पाचवीचा वर्ग आणतो, असे सोनूबाईला सांगून टाकले. दुसरा अर्ज बंदरावरच्या रावजीशेटचा आला.

"मी कुणाच्या दारात मत मागायला जाणार नाही!" मास्तरांनी पेज संपताच जाहीर केले. "या पेठेत असं एक घर दाखव, जिथला मुलगा माझ्या सल्ल्यानं मार्गाला लागला नाही. हुकमी मतं आहेत माझी!"

"मार्गाला लागले खरे," दमयंतीबाई भांडी उचलीत म्हणाल्या, "पण तो मार्ग बंदरावर जातो ना!"

या बोलण्याचा अर्थ मास्तरांना सहज म्हणून आळीतून फेरी मारताना कळला. पहिल्या घरात म्हातारी होती, मुलगा परळला. दुसऱ्या घरात सून होती, नवरा गोदीत. तिसऱ्या घरात नुसतेच मांजर होते! मत तर ज्याच्या नावावर घर, त्याचे.

"अगो, पण पुरुष माणूस कुणीच कसा नाही?" सोनूबाईच्या दाराशी येऊन मास्तरांनी वैतागून विचारले.

"आता हे आम्हांला विचारताव?" सोनूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुम्हीच धाडलात की!"

खरेच होते. ज्यांनी मास्तरांचा सल्ला मानला, ते सगळे मुंबईत होते. पेठेत उरले होते ते न मानणारे. आणि त्यांचा मेरुमणी म्हणजे रावजीशेट. त्यालाही मास्तरांनी एके काळी आगबोटीत बसवून दिले होते. पण रावजीला बोट लागली. पोटातले सर्वस्व समुद्राला अर्पण करून तो जयगडला उतरला आणि चालत परत आला! त्यानंतर तो आगबोटीत कधी चढला नाही. मात्र बंदरातून आगबोटीपर्यंत उतारू नेणारे पडाव त्याने विकत घेतले. मास्तरांनी मुले पाठवावी आणि रावजीने त्यांचे भाडे घ्यावे, असे इतकी वर्षे चालले होते. आता त्याचे सगळे पडाववाले त्याची मते होती.

मास्तर खचले नाहीत. परळला पेठेतल्या मुलांची एक मोठी खोली होती, आणि काशीराम हा मास्तरांचा जुना विद्यार्थी तिथला कारभारी होता. मास्तर तडक तार करायला निघाले.

"अहो, पत्र लिहा सविस्तर," दमयंतीबाई म्हणाल्या. "तार बघितली, की आपल्याकडची माणसं आधी रडतात आणि मग वाचतात."

"हे विसावं शतक आहे! तार म्हणजे नुसतं वेगानं जाणारं पत्र." आणि त्यांनी तार ठोकली: 'सर्वांना घेऊन ताबडतोब निघा. मास्तर.'

परळच्या खोलीत तार पोचताच दमयंतीबाईंचे भाकीत अक्षरशः खरे झाले. रडून झाल्यावर सर्वांनी विचार केला. तार मास्तरांच्या नावाची, तेव्हा मास्तर हयात आहेत. मास्तरांना मूलबाळ नाही. म्हणजे काकू गेल्या! ज्या काकूंनी परीक्षेच्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर दही ठेवले, त्या काकू! कुणी मुकादमाचे पाय धरले, कुणी साहेबाला सख्खी आई गेल्याचे सांगितले, आणि सगळी खोली बोटीत बसली.

मतदानाच्या आदल्या दिवशी पडाव बंदराला लागले. मास्तर धक्क्यावर उभे होते. आपली फौज उतरताना पाहून त्यांचा ऊर भरून आला. काशीरामने धावत येऊन त्यांच्या खांद्यावर मान टाकली.

"मास्तर, धीर धरा. आम्ही आहोत तुमच्या पाठीशी."

"तुम्ही आलात, आता कसली काळजी!" मास्तर प्रसन्न होऊन म्हणाले.

काशीरामला हे धैर्य पाहून गहिवरून आले. "काकूंनी आमच्यासाठी किती केलान!"

"तिचं काय घेऊन बसलास? या कामात तिचा पहिल्यापासून विरोध. शेवटपर्यंत नको नकोच म्हणत होती."

"शेवटपर्यंत बोलत होत्या?"

"बोलत होत्या? अरे, सकाळपासून तोंड बंद नाही! आता चला, तिनं तुम्हां सर्वांसाठी आंबोळ्या घातल्या आहेत."

दुःखाने मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला, हे सर्वांनी एकमेकांकडे पाहून ठरवले. दोघांनी त्यांना दोन्ही दंडांना धरले. मागून रावजीशेट आला. मुलांकडून पडावातच बातमी कळल्यामुळे त्याने कुणाकडूनच भाडे घेतले नव्हते. मयताला आलेल्या माणसांकडून भाडे कसले घ्यायचे? एका हाताने डोळे पुशीत दुसऱ्या हाताने तो छत्री मास्तरांच्या डोक्यावर धरून चालू लागला. प्रतिपक्षाचे हे सौजन्य पाहून मास्तर थक्क झाले!

अंगणात मंडळी शिरली तेव्हा दमयंतीबाई कलथा हातात घेऊन दारात आल्या. पहिली किंकाळी काशीरामची. दुसरी, त्याची किंकाळी ऐकून, दमयंतीबाईंची.

"काकू, तुम्ही जित्या!"

"मग काय मरू? आंबोळी करपत्ये तिकडे!"

सगळा उलगडा व्हायला वेळ लागला. मग मुलांच्या तोंडावरून आनंद हळूहळू उतरू लागला.

"मास्तर, साहेबाला मी आई गेली म्हणून सांगितलंय," एकजण म्हणाला. "आता खरी जाईल तेव्हा काय सांगू?"

"तेव्हा माझ्याकडे ये," मास्तर ओशाळून म्हणाले. "सल्ला देईन."

पण आंबोळ्या उत्तम झाल्या होत्या आणि काकू जिवंत होत्या. उद्या एकूणएक मत मास्तरांना, असे शपथेवर ठरूनच मंडळी आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेच्या ओट्यावर, मतपेटीच्या खोलीबाहेर जाऊन बसले. आपले मत आधी दिले तर हावरेपणा दिसेल, म्हणून ते सर्वांच्या शेवटी द्यायचे, असा त्यांचा संकल्प होता. रावजीशेटचे पडाववाले आले, मते देऊन गेले. मास्तरांच्या फौजेतला एकही माणूस फिरकला नाही. उन्हे चढली. मग आभाळही भरून आले. तेव्हा मास्तर उठले आणि मते शोधायला निघाले.

मते शेतात होती! मिरजोळ्याकडच्या बाजूला पिवळ्याधमक भातात सगळी परळची खोली वाकलेली होती. दिवस भातकापणीचे, वर पावसाची चिन्हे, आणि अशात घरातला पुरुष आयता दारी आलेला. कोणती शहाणी बाई त्याला मत द्यायला सोडील?

"मास्तर, येतो हां!" काशीराम भातातून ओरडला. "आवशीनं पहाटेच विळा हातात दिलान. एवढा कुणगा कापला, की निघालोच!"

"अरे, मतदान संध्याकाळी बंद होतं!"

"आणि पाऊस त्याच्या आधी येतो," बांधापलीकडच्या कुणग्यातून सोनूबाई म्हणाली. तिच्या शेतात ती आणि विमला अशा दोघीच होत्या. कापलेले भात पसरलेले होते, आणि विमला आपल्यापेक्षा मोठी पेंढी छातीशी कवटाळून खळ्याकडे धावत होती. "मास्तर, उभे का नुसते? पेंढ्या बांधा की!"

मास्तरांनी शाळेच्या दिशेने पाहिले. मग आभाळाकडे पाहिले. मग त्यांनी कोट काढून बांधावर ठेवला.

शेवटची पेंढी खळ्यावर, माडाच्या झापांखाली गेली तेव्हा अंधारून आले होते आणि टपोरे थेंब पडू लागले होते. भात वाचले. मतपेटी केव्हाच बंद झाली होती.

रात्री जेवणे झाल्यावर रावजीशेट पेढे घेऊन आला.

"मास्तर, निवडून आलो. पण मला एक कळत नाही. तुम्हांला एकही मत नाही! तुमचं स्वतःचंसुद्धा?"

"मी जरा कामात होतो," मास्तर म्हणाले.

"बरं, आता तिथं जाऊन काय करायचं ते तुम्ही सांगा. मला काय कळतंय त्यातलं?"

"मुलींचा पाचवीचा वर्ग माग."

"तुमच्या त्या वर्गाची बोंब सगळ्या पेठेत होती, म्हणून ते मी आजच मोजणीला आलेल्या बोर्डाच्या माणसांना विचारलं. यंदाचा पैसा संपला म्हणतात. पुढल्या साली बघू म्हणाले."

रावजी गेल्यावर मास्तरांनी हातातला पेढा तसाच पुड्यात ठेवला. पुढल्या साली विमला पालीला असणार होती.

"मी काय म्हणते," दमयंतीबाई दिव्याची वात सारीत म्हणाल्या, "एखाद्या मुलग्याचं असं अडलं असतं, तर त्याला काय सांगितलं असतंत?"

"सांगायचंय काय त्यात? घरी कुणाकडून तरी शिकून घे आणि व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेला बाहेरून बस. कितीतरी जणांना मी हेच..." मास्तर बोलता बोलता थांबले.

"मग हे निवडणुकीच्या आधी का नाही सुचलं?"

"आधी मला असं कुणी विचारलंच नाही," मास्तर खाली बघत म्हणाले.

सकाळी पाऊस उघडला होता. मास्तर सोनूबाईच्या खळ्यावर गेले.

"मामाला निरोप धाड, येऊ नको म्हणून. आजपासून विमलाला माझ्याकडे पाठव. आणखी कुणाच्या मुली असतील तर त्याही."

"वर्ग निघाला? बोर्डानं काढलान?"

"वर्ग निघाला," मास्तर म्हणाले, आणि घरी येऊन त्यांनी पडवी झाडायला घेतली.

उन्हे अंगणात आली तेव्हा विमला आणि आणखी तिघी मांडी घालून बसल्या होत्या. एक गृहस्थ आपल्या मुलाचा हात धरून, याला मुंबईला कुठे चिकटवावे ते विचारायला आले. मास्तरांनी त्यांना अंगणातच बसायची खूण केली आणि विमलाला पुढचा धडा वाचायला सांगितले.