फक्त खोका, कार्ट्रिज नाही

"चालते का ही?" जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानदाराने कार्ट्रिज उलटसुलट करत विचारलं.

"चालते म्हणजे? पळते," लिफ्टवाले म्हणाले.

"आणि हिचा खोका?"

"खोका आहे ना. म्हणजे, माझ्याकडे नाही."

दुकानदाराने कार्ट्रिज काउंटरवरून हळूच त्यांच्याकडे सरकवली. "काका, नुसती कार्ट्रिज घरोघरी सापडते. मुलं गेम जपतात आणि खोके फेकून देतात. म्हणून भाव खोक्याला. खोका, आतलं माहितीपुस्तक आणि कार्ट्रिज असा पूर्ण संच असेल तर किंमत दरवर्षी चढते. सुट्या कार्ट्रिजला कोण विचारतो?"

खोका धाकट्या भावाकडे होता. आईवडिलांचं घर विकलं तेव्हा दोघा भावांनी पैशांची वाटणी हसतखेळत केली होती. कपाटं, भांडी, गाद्या आग्रह करकरून एकमेकांच्या गळ्यात मारल्या होत्या. आणि सगळं आटोपल्यावर या कार्ट्रिजवर येऊन अडले. "मोठा मी, म्हणून माझी," असं हे म्हणाले. "खाऊचे पैसे साठवले मी, म्हणून माझी," असं तो म्हणाला. शेवटी यांनी कार्ट्रिज खिशात घातली, त्याने खोका बगलेत मारला, आणि दोघेही तरातरा दोन दिशांना गेले ते गेलेच. त्याला सहा वर्षं झाली. मध्यंतरी धाकट्याने औषधांचं दुकान हलवलं, घर बदललं, ते यांना तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आधी कोण बोलणार एवढाच प्रश्न होता, आणि दोघेही एकाच आईचे असल्यामुळे तो सुटत नव्हता.

लिफ्टवाले नावाप्रमाणे लिफ्ट दुरुस्त करायचे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देण्यात त्यांचा दिवस जाई. संध्याकाळी घरी आले की टीव्हीला गेमचं जुनं मशीन जोडून ते त्या कार्ट्रिजवरची मोटारींची शर्यत खेळत. खेळ दोघांचा होता. दुसऱ्याची निळी गाडी सुरुवातीच्या रेघेवर नुसती उभी राहायची. पहिली फेरी पूर्ण करून तिच्या बाजूने जाताना त्यांना दरवेळी वाईट वाटायचं. बायकोने विचारलं तर मात्र ते म्हणत, "गुंतवणूक आहे. अधूनमधून चालवून बघावी लागते."

दुकानातून आले ते इरेला पेटूनच. धाकट्याच्या नाकावर टिच्चून दुसरा खोका मिळवायचा, असं ठरवून त्यांनी जुन्या वस्तूंची साइट उघडली. तिथे खरोखरच एक जाहिरात होती. फक्त खोका, कार्ट्रिज नाही. विकणाऱ्याचं नाव नव्हतं. फोटोत खोक्याच्या फाटक्या कोपऱ्यावर हिरवी चिकटपट्टी दिसत होती. ती वडिलांनी लावलेली होती, आणि वाकडी लावल्याबद्दल आईची बोलणीही खाल्ली होती. लिफ्टवाल्यांनी फोटो मोठा करून पाहिला. त्यांनी मन घट्ट करून, अगदी परक्या गिऱ्हाइकासारखा निरोप लिहिला.

"खोका पाहिला. मागच्या बाजूला पेनाने आकडे लिहिलेले आहेत. तरी किंमत कमी करावी."

उत्तर लगेच आलं. "मागच्या बाजूचा फोटो मी टाकलेलाच नाही."

लिफ्टवाल्यांनी जीभ चावली आणि फोन उशीखाली सरकवला, जणू त्यामुळे गेलेला निरोप परत येणार होता. बऱ्याच वेळाने उशीखालून टिंग वाजलं.

"आकडे आहेत. कोण किती वेळा जिंकलं त्याचे. पण लिहिणाऱ्याचं अक्षर वळणदार आहे. किंमत कमी होणार नाही."

अक्षर धाकट्याचं होतं. सौद्याला तोंड फुटलं.

"खोका दमट जागी तर ठेवला नाही ना?" लिफ्टवाल्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"नाही. नवीन घर कोरडं आहे. तिसरा मजला. फक्त लिफ्ट सारखी बंद पडते."

"दाराच्या खालच्या खाचेतला कचरा काढायला सांगा."

"काढला. चालू झाली. तरी भाव तोच."

असे तीन महिने गेले. गुडघा दुखत असल्याने प्रत्यक्ष येऊन खोका बघता येत नाही, असं लिफ्टवाल्यांनी कळवलं. त्यावर "जिना चढताना दुखतो की उतरताना?" असा प्रश्न आला, मग मलमाचं नाव आलं, आणि "मलम लावून आठ दिवसांनी कळवा, मग किमतीचं बघू," असंही आलं. घरात एवढ्या आपुलकीने कुणी भाव करताना बायकोने पाहिलं नव्हतं.

"अहो, परवा तो तुमच्या किमतीला तयार झाला होता ना?" तिने एकदा विचारलं. "मग तुम्ही एकदम खाली का आलात?"

"घाई केली की माणूस फसतो."

"आणि काल तुम्ही तयार झालात, तर त्याने वाढवली."

"बघ ना," लिफ्टवाले खुशीत येऊन म्हणाले, "लहानपणापासून असाच आहे तो."

बायकोची भाजी चिरणारी सुरी थांबली. दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेल्यावर तिने फोन उचलला आणि "सौदा मान्य" असं लिहिलेल्या जागी बोट दाबलं. तिकडूनही कुणीतरी तितक्याच चपळाईने बोट दाबलं. देवाणघेवाण शनिवारी, त्याच जुन्या गेमच्या दुकानात.

"लावला एकदाचा निकाल," तिने ओल्या डोक्याने उभ्या असलेल्या नवऱ्याला सांगितलं.

"काय केलंस हे? आता ती जाहिरात काढून टाकतात. निरोपही बंद होतात."

"होईनात का. खोका हवा होता ना तुम्हाला?"

"हवा होता," लिफ्टवाले म्हणाले आणि खाली बसले. त्यांना खोका नको होता. रोज संध्याकाळी त्या एका माणसाने गुडघ्याची चौकशी करावी, एवढंच हवं होतं. पण या वयात हे सांगायचं कसं?

शनिवारी दुकान दिसू लागल्याबरोबर त्यांचा गुडघा धरला. "तूच जा," ते म्हणाले आणि बसथांब्याच्या बाकावर बसले. समोरून धाकट्याची बायको एकटीच आली. दोघी जावा दुकानाच्या दारात गळ्यात गळा घालून उभ्या राहिल्या, मग आत गेल्या त्या बाहेर यायचं नाव घेईनात. रस्त्यापलीकडे चपलांच्या दुकानापाशी एक गृहस्थ बायकांच्या सँडल फार बारकाईने बघत होता. पाठमोरा. मागून केस पार पांढरे झाले होते. लिफ्टवाल्यांना ते बघवेना. ते दोनदा उठले आणि दोनदा बसले. तिसऱ्यांदा उठले तोवर तो गृहस्थ निघून गेला होता.

घरी आल्यावर त्यांनी खोका उघडला. आत काही नव्हतं. माहितीपुस्तकही नव्हतं.

"फसवलं की हो त्याने," बायको म्हणाली.

"पुस्तकाशिवाय संच पूर्ण होत नाही, हे चांगलं माहीत आहे त्याला," लिफ्टवाले चिडून म्हणाले आणि तक्रार करायला साइट उघडली. पहिलीच जाहिरात नवी होती. फक्त माहितीपुस्तक. खोका नाही, कार्ट्रिज नाही. भाव बोलून ठरेल.

त्यांनी ती तीनतीनदा वाचली. डोळे भरून आले ते त्यांनी लपवलंही नाही. मग लिहिलं, "फोटोवरून अंदाज येत नाही. प्रत्यक्ष बघावं लागेल. आत्ता येऊ का?"

या वेळी उत्तराला फार वेळ लागला. लिफ्टवाले फोन हातात धरून खोलीत येरझाऱ्या घालत राहिले.

"या. कार्ट्रिज आणि मशीन घेऊन या. खेळून बघितल्याशिवाय मला पुस्तकाचा भाव सांगता येणार नाही."

"काय म्हणतोय?" बायकोने विचारलं.

"भावावर अडून बसलाय," लिफ्टवाले मशीनच्या वायरी पिशवीत कोंबत म्हणाले. "आज काही मिटायचं नाही. तू जेवून घे."