मोहरीचा पातळ थर

सासूबाईंनी थर्मास टेबलाच्या मधोमध ठेवला आणि त्याची दर्शनी बाजू मुद्दाम पाहुण्यांकडे वळवली. चकचकीत स्टीलच्या पोटावर काळ्याभोर अक्षरांत लिहिलं होतं, 'आई-बाबांच्या आशिर्वादाने'. खाली एक नाजूक वेल.

"डॉक्टरांनी आणलाय," सासूबाई म्हणाल्या. "ते नाव कोरायचं मशीन घेतलंय ना त्यांनी, लेझरचं. बघा तरी हात लावून."

डॉक्टर म्हणजे त्यांचे धाकटे जावई. आठवडाभर लोकांच्या दाढा कोरून त्यांची हौस भागत नसे, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते लाकूड कोरत. किल्ल्या टांगायची पट्टी, भाजी चिरायची फळी, सासऱ्यांच्या चष्म्याचं चामडी घर, अशा वस्तू या घरात एकामागून एक येत गेल्या होत्या. थोरल्या जावयांनी त्या सगळ्या मोठ्या मनाने सोसल्या. लाकूड काय, सुतारपक्षीही कोरतो. पण स्टील?

थोरले जावई एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढायचा त्यांना पगार मिळे, आणि घरी येऊन ते हेच काम फुकट करत. त्यांनी थर्मास हातात घेतला, फिरवला, आणि त्यांच्या जिवाला जरा थंडावा मिळाला.

"दीर्घ हवा," ते म्हणाले.

"काय हवं? काय वाढू?" सासूबाईंनी हात पुढे केला.

"वाढू नका काही. आशीर्वादातला 'शी' दीर्घ असतो. इथे ऱ्हस्व पडलाय."

टेबलाखाली बायकोची टाच त्यांच्या अंगठ्यावर आली आणि तिथेच थांबली.

"बरोबर आहे दादांचं," धाकटे जावई हसत म्हणाले. "त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

माणूस चिडला असता तर एक वेळ बरं वाटलं असतं. पण हा साडू चिडतही नसे.

घरी परतताना बायको म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय."

"काही दुखत नाहीये. जेवलोच कुठे मी नीट?"

"तेच म्हणतेय. डॉक्टरांनी हौसेनं काहीतरी करून आणलं, आणि तुम्ही त्यातली वेलांटी मोजत बसलात. तुम्ही काय आणलंत आजवर आईसाठी?"

"मागच्या वेळी शब्दकोश दिला होता."

"तो ती खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून लावते."

हे त्यांना माहीत नव्हतं. उरलेल्या वाटेत त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस तोंडावर आला होता. त्या दिवशी थर्मासच्या शेजारी असं काही ठेवायचं, की थर्मासने मान खाली घालावी.

थोरल्या जावयांच्याही घरात लेझरचं मशीन आलं. स्वयंपाकघरामागच्या अरुंद जागेत, खिडकीशी त्याची स्थापना झाली. ॲल्युमिनियमच्या चार दांड्या, मधे फिरणारं एक डोकं आणि सोबत डोळे वाचवायला हिरवा चष्मा. पहिल्याच दिवशी लाकडाच्या तुकड्यावर अक्षरं सुरेख उमटली. थोरल्या जावयांना वाटलं, हात्तिच्या, एवढ्यासाठी एवढं कौतुक.

मग त्यांनी चमचा ठेवला. चमच्यावर काहीच उमटलं नाही. किरण यायचा, स्टीलवरून घसरायचा आणि नको असलेल्या पाहुण्यासारखा दारातूनच परत जायचा. चमचा होता त्याहून स्वच्छ दिसू लागला. त्यांनी झाकण ठेवून पाहिलं, डाव ठेवून पाहिला. शेवटी अशा मशिनी वापरणाऱ्या कुणा हौशी माणसाचा व्हिडिओ सापडला. तो सांगत होता, उघड्या स्टीलवर हे छोटं मशीन काम करत नाही. आधी स्टीलला मोहरीच्या सॉसचा पातळ थर द्या, वाळू द्या, त्यावर किरण फिरवा आणि धुऊन टाका.

"फ्रीजमधला मोहरीचा सॉस कुठे गेला?" बायकोने विचारलं.

"वापरला."

"कशाला?"

"झाकणाला."

घरभर जळक्या मोहरीचा वास पसरला. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, की तुमच्याकडे रोज कोणता पदार्थ करपतो. थोरले जावई हिरवा चष्मा कपाळावर ठेवूनच ऑफिसात जाऊन आले. आणि इतकं करून काय, तर धुतलं की अक्षरं सॉससकट मोरीत वाहून जात. त्यात मशीनच्या प्रोग्रॅमला जोडाक्षरं झेपत नव्हती. 'हार्दिक'चा त्याने 'हार्‌दकि' केला. ज्या माणसाने जन्मभर वेलांट्या जागेवर बसवल्या, त्याच्या घरात त्याचंच मशीन वेलांटी भलत्या अक्षराला लावत होतं. त्यांनी मग मजकुराचं आधी चित्र केलं आणि ते मशीनला दिलं. तिकडे साडूला हे सगळं कसं सहज जमलं असेल, या विचाराने त्यांची झोप उडाली.

समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांनी मोठा, जड, स्टीलचा ट्रे आणला. दुकानात तसला तेवढा एकच उरला होता. प्रत्येक स्टील वेगळं वागतं हे एव्हाना कळलं होतं, म्हणून पुढच्या बाजूला हात लावण्याआधी त्यांनी मागच्या बाजूला चाचणी घ्यायची ठरवली. या वेळी थर अगदी पातळ दिला, वेग पार कमी केला. आता चाचणीला काही तरी वाक्य हवं. कुठलंही चाललं असतं. आजवर एकही अक्षर टिकलं नव्हतं, हेही टिकणार नव्हतं. त्यांची बोटं आपोआप चालली. मनात जे साचलं होतं ते उतरलं.

मशीन गुरगुरत राहिलं. मग त्यांनी ट्रे नळाखाली धरला, सॉस वाहून गेला, आणि ते बघतच राहिले. काळी कुळकुळीत, रेखीव, एकसारखी अक्षरं. वेलांट्या जागच्या जागी. जोडाक्षर अभंग.

'धाकटे जावई म्हणजे किडकी दाढ. वरून चांदी, आतून पोकळ.'

"जमलं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. वाक्याचा अर्थ डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

मग घासाघास सुरू झाली. साबण झाला, तारेची घासणी झाली, लिंबू झालं. टूथपेस्टही लावून पाहिली, आणि तिने तर दाढ आणखीच उजळली. जिथे हवं तिथे उमटत नव्हतं, आणि आता नको तिथून जात नव्हतं. त्यात बायको आत आली.

ट्रे त्यांनी छातीशी धरला.

"झालं का? दाखवा."

"पुढचं व्हायचंय अजून."

"मी सांगितलंय बरं का सगळ्यांना, की उद्या हे स्टीलवर स्वतः कोरलेलं काहीतरी आणणार आहेत. धाकटी तर म्हणाली, डॉक्टर ऐकून अगदी गप्पच झाले."

हे ऐकल्यावर माघार शक्य नव्हती. त्याच वेगाने, त्याच थराने त्यांनी पुढच्या बाजूला 'सहजीवनाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हार्दिक शुभेच्छा' उमटवलं. देखणं आलं. मागच्या बाजूला त्यांनी हिरवं जाड कापड गोंदाने घट्ट चिकटवून टाकलं.

"टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून," ते म्हणाले.

"इतका विचार केलात तुम्ही?" बायकोचा आवाज हळवा झाला. तो ऐकून त्यांना ओशाळल्यासारखं झालं, पण फार नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रे हातोहात फिरला. सासऱ्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. मेहुणी म्हणाली, "भावोजी, हे तुम्ही केलंत?" आणि प्रश्नातला अविश्वास त्यांना हारतुऱ्यांसारखा वाटला. धाकटे जावई मात्र ट्रे जवळ घेऊन, तिरका धरून, उजेडात धरून पाहत राहिले. थोरल्या जावयांना कित्येक महिन्यांत इतकी भूक लागली नव्हती.

"चहा यातूनच नेऊ," सासूबाई म्हणाल्या. "थांबा, आधी गरम पाण्यातून काढते. नवं भांडं मी तसंच नाही वापरत."

थोरल्या जावयांनी हातातला घास तसाच ताटात टाकला. ते उठून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत ट्रे साबणाच्या वाफाळत्या पाण्यात बुडला होता, आणि फडकं घेऊन, अर्थातच, धाकटे जावई शेजारी उभे होते. सासरी आले की भांडी पुसायची त्यांना सवय होती.

"द्या, मी पुसतो," थोरले जावई म्हणाले.

"तुम्ही?" सासूबाईंनी वळून पाहिलं. "अहो, तुम्ही बसा."

"नाही, आज मला पुसावंसं वाटतंय."

त्यांनी फडक्याचं एक टोक धरलं. दुसरं धाकट्या जावयांच्या हातात होतं. दोघेही जावई सभ्य असल्याने जोरात कुणीच ओढलं नाही. तेवढ्यात सासूबाईंनी ट्रे पाण्यातून बाहेर काढला, हिरवं कापड ओल्या पानासारखं गळून पडलं, आणि ट्रे धाकट्या जावयांच्या हातात गेला. उलटा.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. थोरले जावई खिडकीबाहेर बघू लागले.

"काय लिहिलंय मागे?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा चष्मा बाहेर राहिला होता.

"दातांची काळजी घ्या, असं लिहिलंय," धाकटे जावई म्हणाले. "माझ्यासाठी असावं." आणि त्यांनी थोरल्या जावयांचा दंड धरून त्यांना मागच्या व्हरांड्यात नेलं. ट्रे बरोबर होता.

"डॉक्टर, ते नुसतं चाचणीचं वाक्य होतं," थोरले जावई सुरू झाले. "म्हणजे कुणाला उद्देशून..."

"वेग किती ठेवला होतात?"

"काय?"

"किरणाचा वेग." धाकटे जावई 'दाढ'मधल्या 'ढ'वरून नख फिरवून तपासत होते, जसे ते दात तपासत असतील. "कड बघा ना. कुठे फुटलेली नाही. हे 'ढ'च्या पोटातलं वेटोळं कसं मोकळं राहिलं? माझ्या मशीनवर स्टीलवर रेघसुद्धा उमटत नाही हो. किती महिने झाले."

"पण थर्मास?"

"तो बाजारातून करून आणला. मोठं मशीन असतं त्यांच्याकडे." त्यांनी आत कुणी नाही ना ते पाहिलं. "आईंना वाटलं मीच केला. मग मला खरं सांगवेना. आणि काल कळलं, तुम्हाला जमलंय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

थोरल्या जावयांनी साडूच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ते ओढलेले डोळे, तो कडवट ओठ, सगळं अगदी ओळखीचं होतं. दाढी करताना ते रोज पाहत. त्यांचं मन एकदम भरून आलं. सगळं सांगून टाकावं, मोहरी, थर, वेग, जोडाक्षरांचं चित्र. या माणसाने एवढा अपमान वाचून वर सासूबाईंसमोर झाकून घेतला होता.

"थर कशाचा दिलात, तेवढं सांगा, दादा," धाकटे जावई म्हणाले. "तुम्हाला जमलं म्हणजे फार अवघड नसणार."

थोरल्या जावयांचं भरून आलेलं मन जागच्या जागी ओसरलं.

"टोमॅटो केचप," ते शांतपणे म्हणाले. "आणि थर चांगला जाड द्यायचा."

पुढचा आठवडा त्यांनी फार सुखात काढला. मेहुणीचा बायकोला फोन आला, की घरात सगळीकडे लाल चिकट झालंय आणि डॉक्टर दवाखान्यातून लवकर येऊन मशीनपाशी बसतात. बायको हे सांगत असताना थोरले जावई वर्तमानपत्राआड तोंड लपवून हसले. त्यांनी दोन वेळा जास्तीचा भात घेतला.

रविवारी सगळे पुन्हा सासूबाईंकडे जमले. धाकट्या जावयांनी खिशातून कागदात गुंडाळलेला एक मोठा डाव काढला आणि सासूबाईंच्या हातात ठेवला. दांड्यावर बारीक, टपोरी अक्षरं होती, 'दादांच्या कृपेने'. काळा रंग असा गर्द, की ट्रेवरची अक्षरं त्यापुढे राखाडी वाटावीत. थोरल्या जावयांनी चूक शोधली. नव्हती.

"दादांनी मंत्र दिला म्हणून जमलं," धाकटे जावई सगळ्यांदेखत म्हणाले. त्यांनी दादांना अगदी मनापासून हात जोडले. "नाही तर असलं गुपित कोण सांगतं?"

बायकोने थोरल्या जावयांकडे इतक्या अभिमानाने पाहिलं, की त्यांना मान डोलवावी लागली. सासूबाईंनी ट्रे भिंतीकडे सरकवला आणि डाव टेबलाच्या मधोमध ठेवला. मग सगळे जेवायला वळले, तेव्हा थोरले जावई साडूच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि त्याच्या कानाशी वाकले.

"डॉक्टर," त्यांनी हळूच विचारलं, "केचप नक्की कुठलं वापरलंत?"