स्वकष्टार्जित शॉर्ट सर्किट

भूगोलाच्या निवृत्त सरांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून ओव्हनसाठी नवा प्लग स्वतःच्या हातांनी बसवला आणि दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघराने पेट घेतला. जीवितहानी झाली नाही. एक कपाट, पडदा आणि सरांच्या पत्नीचा संयम मात्र भस्मसात झाला.

“इलेक्ट्रिशियनला बोलवा म्हणत होते मी,” बाई म्हणाल्या.

“अगं, घराचा विमा आहे,” सर निर्धास्तपणे म्हणाले.

विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. काळी भिंत न्याहाळत त्यांनी विचारलं, “हे काम कोणाचं?”

“माझं!” सर चित्रकाराच्या थाटात म्हणाले.

सर्व्हेअरांचं पेन थबकलं. “हे मी ऐकलेलं नाही. घरमालकाने स्वतः वायरिंग केलं, तर भरपाई नाही. परवानाधारक माणसाचा दाखला आणा.”

सरांनी इलेक्ट्रिशियन गाठला. प्लग बघून त्याने कपाळाला हात लावला.

“सर, दारावरच्या बेलची बारीक वायर ओव्हनला? यावर सही केली तर माझा परवाना जाईल. आधी सगळं नीट करतो, मग दाखला देतो.”

त्याने घरभर नवं वायरिंग केलं आणि लिहून दिलं : ‘सदर घरातील वायरिंग सर्वतोपरी निर्दोष आहे.’

दाखला घेऊन सर आणि बाई विमा कंपनीत गेले. सर्व्हेअरांनी तो वाचून अभिनंदन केलं. “निर्दोष वायरिंगमुळे आग लागूच शकत नाही. अर्ज नामंजूर.”

“अहो, पण लागली ना!”

“म्हणजे कोणीतरी लावली. घरात कोणाशी वाद?”

“लग्न झाल्यापासून आहे,” बाई सवयीने बोलून गेल्या.

सर्व्हेअरांनी गंभीरपणे लिहिलं : ‘पत्नीवर संशय. पोलिसांना कळवावे.’

सर ताडकन उठले. “खोडा ते! मी लावली बेलची वायर. अक्कल माझी, हात माझे, चूक माझी!”

“ऐकलं,” सर्व्हेअर म्हणाले. “स्वतः केलेलं काम. भरपाई नाही. प्रकरण बंद.”

जिना उतरताना बाईंचा चेहरा उजळला होता. “संसारात पहिल्यांदा चूक कबूल केलीत. स्वयंपाकघर गेलं तर गेलं.”

सोसायटीत मात्र आठवडाभर सरांची टर उडाली. शिकलेला माणूस असं करतो का, म्हणून सगळे पोट धरधरून हसले. मग एकेक जण त्यांना जिन्यात गाठून हळूच विचारू लागला, “सर, तो व्हिडिओ कुठला हो?”

तुम्हीही हसलात. हसा. फक्त तुमच्या घरातल्या त्या काळ्या पडलेल्या प्लगला चिकटपट्टी कोणी लावली, तेवढं सांगा. आम्ही ऐकलेलं नाही.