ताकसांडेबाबूंचं आनंदाचं हेड

दरवर्षी एकतीस मार्चला, दुपारचं ऊन जरा कललं की ताकसांडेबाबू आमच्या फाटकाची कडी वाजवतात आणि अंगणातूनच सांगतात, "वहिनी, तीनशे चाळीस उरले. चप्पल घाला."

आकडा दरवर्षी बदलतो, चप्पल घालणं चुकत नाही. मी आणि आमचे हे मुकाट्यानं निघतो. कधी रसवंतीवर ज्याला जाईल तितका रस, कधी गोरसपाक बिस्किटांचे पुडे. एका वर्षी रक्कम इतकी उरली की बाबूंनी जीप ठरवून आम्हाला थेट कारंजा घाडगेच्या ढाब्यावर नेलं. तिथं पोट भरलं म्हणायची सोय नव्हती. "भरलं कसं? अजून साठ रुपये हाय," म्हणत त्यांनी ह्यांच्यापुढे तिसरी लस्सी सरकवली. ह्यांना दोन दिवस ताक-भातावर ठेवावं लागलं.

यावरून माणूस उधळ्या वाटेल. कसला उधळ्या! एरवी वर्षभर हाच माणूस भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून पंधरा मिनिटं हुज्जत घालतो. नवा पंखा का घेत नाही विचारलं, तर शांतपणे म्हणतो, "हेड नाई."

बाबू पुलगावच्या लष्करी डेपोत हिशेबाच्या शाखेत होते. सारी नोकरी तिथंच झाली. सरकारी पैशाची तऱ्हा त्यांच्या हाडीमाशी भिनलेली. प्रत्येक कामाचं वेगळं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, एका हेडचा पैसा दुसऱ्याला लावायचा नाही, आणि एकतीस मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर तो परत जाणार. म्हणजे लॅप्स. निवृत्त होऊन ते नालवाडीत आमच्या शेजारी राहायला आले, ते हा कायदा ट्रंकेत घालूनच. पेन्शन हातात आली की तिची चार हेडं होतात. घर, दवा, देणंघेणं आणि आनंद.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. मी शाळामास्तरीण, आमचं सगळं बँकेत ठेवून व्याजावर व्याज चढवायचं. आनंदाला काय हेड लागतं? बाबू मात्र गंभीर. "लागते वहिनी. नाई तर पैसा पुरते, उरते, अन् माणूसच उरत नाई. माया खात्यातले सारे लोक असेच गेले. रिटायर झाला की गेला."

एकदा एक विमा एजंट त्यांना ऐंशीनंतर भरघोस मिळणारी योजना समजावत होता. बाबूंनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "ऐंशीनंतर एवढा पैसा देता, तर चावायाले दात कोण देईन?" एजंट पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

आणि ती अंगठी. एका मार्चला हातात बरेच पैसे राहिले, त्यात बाबूंना ताप. शेवटच्या दिवशी अंगात कणकण असताना ते सराफाकडे गेले आणि त्यांनी सोन्याची अंगठी घेतली. पुढे कित्येक महिने "जयभीम, वहिनी" म्हणताना हात जरा जास्तच वर जायचा, अंगठी दिसावी म्हणून. मीही दरवेळी "छान आहे हो" म्हणायची. काय करता.

आनंदाच्या हेडचे पुन्हा दोन वाटे, एक बाबूंचा, एक त्यांच्या पत्नीचा, कुंदाबाईंचा. पण कुंदाबाई कधीच आमच्यासोबत यायच्या नाहीत. "मले काई नाई पाह्यजे, तुमी जा," एवढंच. त्यांच्या वाट्याचं काय होतं, असं मी विचारलं की बाबू बोट वर करून म्हणायचे, "वापस जाते." वर म्हणजे कुठे, ते विचारायची सोय नव्हती.

कुंदाबाई का येत नाहीत, ते मला त्यांनीच एकदा पापड लाटताना सांगितलं. निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी दोघं अजिंठ्याला गेले होते. लेणी पाहायची ही कुंदाबाईंची लग्नाआधीपासूनची हौस. खाली पोचल्या, वर पाहिलं, आणि पायऱ्या पाहून गुडघ्यांनीच नाही म्हटलं. डोलीवाले धावत आले, खुर्चीत बसा, चौघं उचलून नेतो म्हणाले. "म्या म्हटलं, मी काय मेली का, चौघाच्या खांद्यावर जायाले?" कुंदाबाई लाटणं थांबवून म्हणाल्या. बाबूंनाही त्यांनी एकट्यानं जा म्हणून सांगितलं, पण ते गेले नाहीत. दोघं दिवसभर झाडाखाली बसून डबा खाऊन परत आले. त्यानंतर गुडघे दुखतात हे कोणाला कळू नये म्हणून कुंदाबाईंना काहीच नको असायला लागलं.

मागच्या दिवाळीनंतर मात्र त्यांना न्हाणीपर्यंत जाणंही जड झालं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे एकदमच बदला. दव्याच्या हेडात एका गुडघ्यापुरते होते. मुलानं पुण्याहून त्याला जमले तेवढे पाठवले, तरी थोडे कमी पडत होते. बाबू पोस्टात पैसे काढायला निघाले, मला वीजबिल भरायचं होतं म्हणून मीही सोबत गेले. खिडकीतल्या बाईंनी सहज म्हटलं, "बाबूजी, हे दुसरं पुस्तक आहे ना, यात पुष्कळ आहेत. यातले काढा."

बाबूंनी ते पुस्तक पटकन खिशात घातलं. "त्याले हात नाई लावाचा. ते हेड वेगळं हाय."

माझं डोकंच फिरलं. आता बाहेरच्या माणसानं बोलू नये, पण बाहेर आल्यावर रस्त्यातच मी त्यांना धरलं. घरात बाई रांगत न्हाणीत जाते आणि तुम्ही पैसा लपवून ठेवता? बायकोच्या गुडघ्यापेक्षा तुमचं हेड मोठं? आणखीही बरंच बोलले, शाळेतला आवाज लागला होता. बाबूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागले. दोन महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

ऑपरेशन झालं, दोन्ही गुडघ्यांचं. पैसे कुठून आले ते मी विचारलं नाही. बाबू रोज फाटकातून "जयभीम, वहिनी" म्हणायचे, मी मान हलवायची. हात वर जायचा, पण जरा कमी. का, ते माझ्या लक्षात आलं नाही. रागात माणसाला दिसत नाही हेच खरं.

यंदाचा एकतीस मार्च आला. चार वाजले, पाच वाजले, फाटक वाजलं नाही. मी रागावलेली होते ना? तरी चप्पल घालून ओसरीवर बसलेली होते, आता लपवून काय करू. साडेपाचला राहवलं नाही, शेजारी गेले.

बाबूंच्या घराला बाहेरून गच्चीवर जाणारा जिना आहे. कुंदाबाई कठडा धरून तो चढत होत्या, आणि मागून एक पायरी सोडून बाबू, दोन्ही हात पसरून. "नऊ. दहा. थांब. श्वास घे. अकरा."

मला पाहून कुंदाबाई तिथंच बसल्या. घाम पुसत म्हणाल्या, "अजिंठ्याची तालीम चालू हाय, वहिनी. म्या म्हटलं, एवढ्या वर्षांचं सारं लॅप्स झालं असंल, आता काऊन तरास घेता? तर हे म्हणते, तुयं म्या कधी लॅप्स केलंच नाई."

ते दुसरं पुस्तक. बारा वर्षं एकेका मार्चला या नेमाच्या माणसानं नेम मोडला होता, आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण मग दवाखान्याला कमी पडत होते ते?"

बाबूंनी हात मागे घेतला, तेव्हा मला अंगठीचं बोट मोकळं दिसलं. "माया आनंदाचं दवाखान्यात चालते, वहिनी," ते म्हणाले. "तिच्या आनंदाचं नाई चालत."

मी रस्त्यात जे जे बोलले होते ते सगळं मला एकदम आठवलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर बाबू घाईघाईनं म्हणाले, "यंदा मायाजवळ काई उरलं नाई. म्हणून कडी नाई वाजवली. वाईट नका मानू."

"मग चला," मी म्हटलं, "आज रस आमच्या हेडातून."

बाबूंनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "तुमच्या घरी हेड कधी उघडलं?"

"आत्ताच."

ह्यांना हाक मारली. रसवंती कोपऱ्यावरच आहे, पण आम्हाला पोचायला बराच वेळ लागला, कारण कुंदाबाई पहिल्यांदाच आमच्यासोबत येत होत्या आणि बाबू त्यांची पावलं मोजत होते.