रिफंड येऊन राह्यला

रत्नमालाबाईंचा इन्कम टॅक्सचा रिफंड अडकला तो एका कान्यापायी. पॅन कार्डावर त्या 'रत्नमाला' होत्या, बँकेनं 'रत्नामाला' करून ठेवलं होतं. मोबाइलवर स्टेटस उघडलं की एकच उत्तर : रिफंड फेल.

"नर्सिंगच्या परीक्षेत फेल नाई झाली मी," त्या नवऱ्यावर कडाडल्या, "आन् रिटायर व्हाच्या टायमाले फेल?"

"माह्याकडं काहून पाह्यतं? मी का पेपर तपासला?" देवमन म्हणाला.

बँकेनं काना काढला. बाईंनी रिफंड पुन्हा मागितला. स्टेटस मात्र हलेना. शेवटी हेल्पलाइनला फोन लावला. घरात रेंज नव्हती म्हणून ओट्यावर येऊन, आणि पलीकडच्याला ऐकू जाईना म्हणून ओरडून.

"हो, इन्कम टॅक्सच! पत्ता तोच, सरपंचाच्या बंगल्यासमोर! या आठवड्यात येतील? नक्की?"

शेजारी सोजरबाई मिरच्या वाळत घालत होत्या. त्या मिरच्या टाकून उठल्या आणि तडक सरपंचांकडे गेल्या. "भाऊ, सिस्टरकडं इन्कम टॅक्सवाले येऊन राह्यले!"

सरपंच उकंडरावांनी नुकताच तीन मजली बंगला बांधला होता. एवढा पैसा आला कुठून, हे गावानं कधी विचारलं नव्हतं. ते संध्याकाळी रत्नमालाबाईंच्या ओट्यावर हजर झाले.

"सिस्टर, कवा येऊन राह्यले?"

रिफंडाची बातमी फुटलीच, असं समजून बाई हसल्या. "याच आठवड्यात."

"थोडेच येतील ना?"

"थोडे कायले? सारेच येतील. व्याजासकट!"

उकंडराव मटकन ओट्यावर बसले. दारातल्या तुंबलेल्या नालीकडे बघत म्हणाले, "इथं साहेबाची गाडी फसली, तं ते माह्याच घरी येऊन बसतील हो!"

साहेब? गाडी? बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. याच नालीच्या डासांनी गल्लीतली पोरं तापानं फणफणत होती. गोळ्या वाटून त्या थकल्या होत्या, अर्ज देऊनही थकल्या होत्या.

त्यांनी गंभीर चेहरा केला. "फसंलच गाडी. मंग तुमच्याच बंगल्यात बसवा लागंल त्याइले. दुसरी सोय कुठं हाय?"

सकाळी जेसीबी आला. नाली उपसली, पाइप पडले, वर मुरूम दाबला गेला. उकंडराव स्वतः छत्री घेऊन उभे होते.

दोन दिवसांनी मोबाइल वाजला. रिफंड जमा, व्याजासकट! बाईंनी गल्लीभर पेढे वाटले. उकंडरावांनी भीतभीत पेढा घेतला.

"साहेब कवा येतील?"

"साहेब नाई, रिफंड येनार होता. आला मोबाइलवर."

उकंडरावांनी आधी नव्या नालीकडे पाहिलं, मग बंगल्याकडे. "मंग माह्यं घर कोनी नाई पाह्यलं?"

"कोनीच नाई."

उकंडरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आणखी दोन पेढे उचलले.

ते वळतात न वळतात तोच मागच्या गल्लीतल्या बाया आल्या. सगळ्यांत पुढं वच्छला होती.

"सिस्टर, एक डाव आमच्या गल्लीत येऊन फोनवर बोला ना."

रत्नमालाबाईंनी पायात चप्पल सरकवली. "तुमच्याकडं रेंज हाय का?"

"नाई जी. ओरडाच लागते."

"मंग चाला!"