सहाच्या आत पेन ड्राइव्ह

दुपारी तीन वाजता बाईंनी नवऱ्याच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला आणि म्हणाल्या, "एवढा लावून द्या. एक प्रश्न बदलायचाय, आणि सहाच्या आत पेपर छापखान्यात पोचवायचाय."

"एवढंच ना?" बुवा म्हणाले. पुढच्या तीन तासांचा घात या दोन शब्दांनी केला.

बाई शाळेत भाषा शिकवत. सातवीचा पेपर त्यांनी शाळेतच टाइप केला होता, पण 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' या प्रश्नात गेल्याच वर्षीचे मुद्दे जसेच्या तसे पडले होते. मुख्याध्यापिकांनी ते आज नेमकं शाळा सुटताना पकडलं. शनिवार, अर्धा दिवस, शिपाई कुलूप लावून मोकळा, आणि परीक्षा सोमवारी.

बुवा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. नकाशा असो की दुधवाल्याला लिहिलेली चिठ्ठी, खाली सही आणि तारीख टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःच्या हातानं नेहमीच्या प्रणालीऐवजी लिनक्स बसवलं होतं, आणि तेव्हापासून आल्यागेल्याला त्याचं माहात्म्य ऐकवण्याचं व्रत घेतलं होतं. लिनक्सबुवा हे नाव मेहुण्यानं ठेवलं. या मेहुण्याचं मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. "भावोजी, एक दिवस हे यंत्र काखोटीला मारून माझ्याकडे याल," असं तो चारचौघांत म्हणाला होता. त्या दुकानाची पायरी चढण्यापेक्षा बुवांनी नोकरीचा राजीनामा दिला असता.

त्यांनी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर काही आलं नाही. उलटा करून पाहिला, फुंकर मारून पाहिला, मग टेबलाखाली शिरून मागच्या बाजूला लावून पाहिला. त्यावरचा दिवा पेटत होता, म्हणजे जीव होता. पडदा मात्र मख्ख.

"तूच काहीतरी करून ठेवलं असशील," खिडकीशी लसूण सोलत बसलेल्या आई म्हणाल्या.

"मी काही केलेलं नाही, आई."

"रेडिओच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

बुवांनी काळी खिडकी उघडली आणि आज्ञा टाइप करायला सुरुवात केली. यंत्राच्या रोजनिशीत नोंद होती की नवीन वस्तू जोडली गेली आहे. पण डिस्कच्या यादीत घरचीच एक डिस्क. म्हणजे दाराशी कोणी आल्याचं कळत होतं, आत कोणी घेत नव्हतं.

"याला माउंट होत नाही असं म्हणतात," बुवांनी खुलासा केला.

"काहीही म्हणा. पेपर दिसतोय का?"

"तेवढं सोडून सगळं दिसतंय."

"मग मी भावाकडे जाते."

"तुझी भाची दिवसभर त्या दुकानात बसलेली असते. सातवीतली. तिच्यासमोर सातवीचा पेपर उघडणार आहेस?"

मुद्दा बिनतोड होता. बुवांना मनातून उकळ्या फुटल्या.

मग त्यांनी ठरवलं, यंत्र जुनाट झालंय, सगळं अपडेट करून घ्यावं. नवं होण्यात तास गेला. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा पेन ड्राइव्ह नव्हताच, शिवाय पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी झाली होती. बुवांनी आईंचं वाचायचं भिंग मागून घेतलं.

"उद्या काठीही मागशील," आई म्हणाल्या.

भिंग डोळ्याला लावून त्यांनी इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या कट्ट्यावर आपली व्यथा सविस्तर लिहिली, खाली सही आणि तारीख. 'कासव' नावाच्या कुणा भल्या माणसाचं उत्तर लगेच आलं. 'पेन ड्राइव्ह कोणी मुद्दाम बंद करून ठेवलेत का? कसं बघायचं ते खाली लिहितो.'

बुवांना राग आला. 'या यंत्राला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही,' त्यांनी ठणकावलं.

'मग तर नक्की बघा,' कासवानं लिहिलं.

ते न बघता बुवांनी आणखी अर्धा तास इतर सगळं बघितलं. सव्वापाचला बाईंना भावाचा फोन आला; त्यांनी त्याला मघाशीच गुपचूप कळवलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं, पायात चपला सरकवल्या आणि हात पुढे केला. "द्या तो इकडे. भाचीला त्यानं घरी पाठवलंय."

"पाच मिनिटं," बुवा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

नाइलाजानं त्यांनी कासवानं सांगितलेली जागा उघडली. तिथे खरंच एक फाइल होती, आणि तिचं नाव होतं 'पहारेकरी'.

"सापडलं," बुवा खुर्चीतून अर्धे उठले. "बघ, कुणी गाढवानं इथे येऊन पेन ड्राइव्ह बंद करून ठेवलेत. मी म्हणतच होतो."

बाईंनी भिंग त्यांच्या हातातून घेतलं आणि वर्गात धडा वाचावा तसं स्वच्छ वाचलं. "मेहुण्यांनी आज पेन ड्राइव्हमधून व्हायरस आणला. यापुढे या घरात कोणाचाही पेन ड्राइव्ह चालणार नाही. ही ओळ काढणारा अक्कलशून्य समजावा." त्या थांबल्या. "खाली सही आहे. तारीख पण. दोन वर्षं झाली."

आईंनी सोललेली पाकळी वाटीत टाकली.

"रेडिओसारखंच," आई म्हणाल्या.

बुवांनी ती ओळ काढली. यंत्र बंद करून चालू केलं, आणि पेन ड्राइव्ह काही घडलंच नाही अशा थाटात पडद्यावर येऊन बसला. बाईंनी खुर्ची घेतली. नवे मुद्दे सुचत नाहीत म्हणून त्या दुपारपासून हैराण होत्या, पण आता हात थांबेना. पाच मिनिटांत त्या उठल्या.

"एकदा तपासून द्या. छापल्यावर चूक निघायला नको."

बुवांनी भिंग लावलं.

'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा : एक हुशार गृहस्थ – दाराला पहारेकरी – कोणालाही आत न घेण्याची ताकीद – स्वतःच विसरणे – घरच्यांचीच अडवणूक – दिवसभर चोराचा शोध – म्हाताऱ्या आईचे न ऐकणे – फजिती – तात्पर्य.'

"काही चूक?"

"नाही," बुवा म्हणाले. पण त्यांच्या डोळ्यांपुढे सोमवारची संध्याकाळ उभी राहिली. भाची पेपर घेऊन दुकानात येणार, आणि मेहुणा गिऱ्हाईक बाजूला सारून तो पहिल्यापासून वाचणार. त्यांनी घसा साफ केला.

"याला एक 'किंवा' देता येईल का गं?"

"नाही," बाई पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकत म्हणाल्या. "अनिवार्य आहे."