विषाणूंचे वकील

आमच्या कॉलेजात "व्हायरल झालंय" म्हणून रजा मागायची सोय नव्हती. जीवशास्त्राचे कांबळे सर अंगावरच यायचे. "विषाणूला बदनाम करू नका! कुठला विषाणू? नाव सांगा!" मला ताप एकशे दोन आणि हे नाव विचारणार. मी मराठीचा मास्तर, मला कुठली नावं ठाऊक असणार?

बरं, यांना हे वकीलपत्र दिलं कुणी? एकदा चिडून विचारलंच. त्यांनी माझा जेवणाचा डबा पुढे ओढला.

"गारगोटीच्या आया हितं शहरात शिकणाऱ्या पोरांना डबं कसं पाठवत्यात, पाटील सर?"

"एसटीनं."

"समजा, त्या गाडीत गुंड बसल्यात. त्यांना उतरवायचं आन आईचा डबा ठेवायचा. विषाणूचं तसंच हाय. त्याच्यातला रोग काढायचा, चांगलं जनुक भरायचं. त्यो थेट पेशीत नेऊन देतो. आन तुम्ही त्याला शिव्या देताय व्हय?"

हे व्याख्यान मी शंभरदा ऐकलं, दर वेळी माझ्याच डब्यावर. पेपरात 'विषाणूचा हल्ला' छापून आलं की संपादकांना पत्र जायचं. ऐन साथीत तरुण मंडळानं आरोग्यावर बोलायला बोलावलं, तर हा माणूस तासभर विषाणूंचे गुण गात बसला. समोर सगळे शिंकताहेत!

दोन हजार सालाच्या आसपास बातमी आली की परदेशात विषाणूतून जनुक देण्याच्या असल्याच उपचारात एक रुग्ण दगावला. मी कात्रण त्यांच्यापुढे टाकलं. "काय सर, गाडी पलटी झाली की!"

त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात आलेच नाहीत. महिन्याला त्यांची एक दांडी ठरलेलीच असे, पण या वेळी परीक्षेचे पेपर त्यांच्याकडे अडकले होते. तणतणत मी कळंब्याला त्यांच्या घरी गेलो.

दार त्यांच्या मुलीनं उघडलं. पंधराएक वर्षांची, पांढरीफटक, हाताला पट्टी.

"आत्ताच रक्त चढवून आलो, काका. दर महिन्याला लागतं. जन्मापासनं जनुकच बिघडलंय माझं."

मला माझीच लाज वाटली. आतून सर पेपरांचा गठ्ठा घेऊन आले. तपासून झाले होते. माझं कात्रण वरच होतं.

"बाबा, गाडी कुठवर आली?" मुलीनं विचारलं. रोजचाच प्रश्न असावा.

सरांनी कात्रण गठ्ठ्याखाली सरकवलं. "वाटंत बिघडलीया जरा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पाटील सर, तुम्हीच सांगा की हिला. येईल न्हवं?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"येईल न्हवं म्हंजे?" मी त्यांच्याच आवाजात ओरडलो. "न येऊन जाती कुठं!"